बॉबिनच नसलेलं मशीन: विलकॉक्स अँड गिब्ज ऑटोमॅटिक, वापरून बघितल्यावर

जुनी शिलाई मशीनं जमवणाऱ्यांकडे सिंगर असतंच असतं, पण काहीतरी वेगळं आणि रोज चालवता येईल असं हवं असेल तर विलकॉक्स अँड गिब्जचं ऑटोमॅटिक बघाच. माझं हातमशीन आहे, इथे इंग्लंडमधे एका कार बूट सेलला, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात मिळालं. विकणाऱ्याने चिठ्ठी लावलेली, बॉबिन (खालच्या धाग्याची छोटी रीळ) आणि ती बसते ती डबी हरवलीय, म्हणून स्वस्त. अहो हरवलं काहीच नव्हतं, ह्याला बॉबिन असतच नाही! एकाच धाग्यावर चालतं. सुई खाली गेली की खालचा गोल फिरणारा लूपर धाग्याचा फास पकडतो, धरून ठेवतो आणि पुढच्या टाक्याचा फास त्यातून बाहेर काढतो, झाला साखळी टाका.

हा लूपर ज्याने काढला तो जेम्स गिब्ज अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला शेतकरी. पेपरात शिलाई मशीनचं चित्र बघितलं, त्यात फक्त वरचा भाग दिसत होता, खाली काय होतं ते कळेना, मग गड्याने स्वतःच डोकं चालवून खालचा भाग तयार केला. पेटंट २ जून १८५७ चं. पुढे फिलाडेल्फियाच्या जेम्स विलकॉक्सशी भागीदारी झाली आणि मशीन बनवायचं काम गेलं प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन अँड शार्पकडे, म्हणजे मोजमापाची अवजारं बनवणारी कंपनी, आणि ते हाताला कळतं हो. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी माझ्या मशीनच्या सुईच्या दांड्याला जरासुद्धा खेळ नाही. बॉडी इंग्रजी जी अक्षरासारखी वळवलेली, दिसायला इतकी नाजूक की बघणाऱ्याला खेळणंच वाटतं.

शिवून काय बघितलं तर मऊ मलमलची झबली आणि दुपट्याच्या कडा. इथे ह्याला तोड नाही. आवाज जवळजवळ नाहीच, बाळ शेजारी झोपलेलं असताना मी शिवलंय. टेन्शनचा, म्हणजे धाग्याच्या ताणाचा, स्क्रू फिरवत बसायला नको, धागा किती सोडायचा ते मशीन बघून घेतं म्हणून तर ऑटोमॅटिक. आणि साखळी टाका थोडा ताणला जातो त्यामुळे शिवणीला चुण्या पडत नाहीत.

आता त्रासाचं. शेवटचा टाका बांधला नाही तर शिवण उसवते, तांदळाच्या पोत्याची दोरी ओढली की कशी सरसर निघते तशीच अगदी. टोक शेवटच्या फासातून ओढून घ्यायचं, दरवेळी, न विसरता. म्हणून खिसे, पट्ट्या, जिथे जोर येतो तिथे मी हे वापरत नाही, त्याला दोन धाग्यांचं मशीन पाहिजे. पण कच्ची शिवण घालायला ह्याच गुणामुळे मस्त, एका ओढीत सगळं मोकळं.

सगळ्यात महत्त्वाचं, सुई. नेहमीची सुई बसतच नाही, ह्याची आखूड आणि गोल दांडीची वेगळी येते, जुन्या मशीनचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते पण महाग. घेताना आत सुई आहे का आणि लूपरचं टोक तुटलेलं नाही ना हे आधी बघा, रंग उडालाय का वगैरे नंतर. काचेच्या चकत्यांच्या टेन्शनवालं मिळालं तर ते जुनं मॉडेल, ऑटोमॅटिक टेन्शन आलं १८७५ च्या सुमारास. कलेक्शनला काचेचं भारी, शिवायचं असेल तर ऑटोमॅटिकच घ्या. पहिलंच मशीन म्हणून मात्र मी कुणाला हे सुचवणार नाही.

आणि हॅन्डल जाम असेल तर जोर लावू नका, बहुतेक वेळा आतलं जुनं तेल सुकून चिकट झालेलं असतं. प्रत्येक भोकात मशीनचं तेल थेंब थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हळूच पुढेमागे करून बघा.