मंत्रचळ आणि फराळ: या क्लिनिकमधल्या बारा सेशन्सचा अनुभव

गेली सहा वर्षं आमच्या घरी करंज्या विकतच्या यायच्या, त्याचं कारण मी. पीठ भिजवायच्या आधी हात धुवायचे, मळता मळता डब्याच्या झाकणाला हात लागला की पुन्हा धुवायचे, मग नळ उघडताना नळाला हात लागला म्हणून पुन्हा. तोवर पीठ वाळलेलं. दिवाळीत हा त्रास कुणाला आजार वाटतच नाही, कारण आवराआवर, सोवळं, देवाचं सगळं एकदम आलेलं असतं. पाहुणे तर म्हणायचे, "किती टापटीप सून आहे!" मला रडू यायचं.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये इथे आले. पहिल्या भेटीत माझ्यावर उपचार करणाऱ्या मॅडमनी येल-ब्राऊन नावाची दहा प्रश्नांची चाचणी घेतली. 40 पैकी 27, म्हणजे तीव्र ओसीडी, ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो. इथल्याच मनोविकारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली आणि स्पष्ट सांगितलं, फरक जाणवायला आठ ते बारा आठवडे लागतात. तुम्हाला दिवाळीपर्यंत सावरायचं असेल तर दसऱ्याची वाट पाहू नका.

तिसऱ्या सेशनला मॅडमनी सासूबाईंना बोलावलं. मला धास्ती होती, आता आईंना "तुमच्या सोवळ्यामुळे झालं" असं ऐकवतील. तसं काही झालं नाही. मॅडमनी एवढंच विचारलं, "नैवेद्याचा स्वयंपाक करताना तुम्ही हात किती वेळा धुता?"

"सुरुवातीला एकदा. मध्ये खरकट्याला हात लागला तर परत."

"मनाचं समाधान होईपर्यंत धुता का?"

"समाधानाचा काय संबंध? हात धुतले की धुतले."

मॅडमनी ते वाक्य कार्डावर लिहून मला दिलं. सोवळ्याला शेवट असतो, माझ्या धुण्याला नव्हता. माझ्या मनातली कित्येक वर्षांची गुंतागुंत आईंच्या त्या एका उत्तराने सुटायला लागली. कार्ड अजून फ्रिजवर आहे.

उपचाराचं नाव ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन). ज्याची भीती वाटते ते करायचं आणि नंतर धुण्याची, विचारण्याची जी ऊर्मी येते ती अडवून धरायची. आम्ही चौदा पायऱ्यांची यादी केली. सगळ्यात खाली, मोबाइल हाताळून बिस्किट खाणं. सगळ्यात वर, हात एकदाच धुऊन, मग कपाटाच्या मुठीला हात लावून तसंच करंजीचं सारण भरणं. सातव्या सेशनला मॅडमनी आधी स्वतः केबिनच्या दाराची मूठ धरली, त्याच हाताने शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, मग डबा माझ्यापुढे केला. घास तोंडात फिरत होता, पण गिळवत नव्हता. अस्वस्थता 100 पैकी 80. त्या काहीही न समजावता शेजारी बसून राहिल्या. पंचेचाळीस मिनिटांनी आकडा 35 वर आला. "काही होणार नाही" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि नवऱ्यालाही म्हणू नका असं सांगितलं. मी रोज वीसदा विचारायचे, "अहो, हात स्वच्छ आहेत ना?" ते प्रेमाने "हो" म्हणायचे आणि आजार वाढायचा.

एक तक्रार मनापासून आहे. क्लिनिक दिवाळीत पाच दिवस बंद होतं आणि त्या दिवसांत त्रास वाढला तर काय करायचं, हे आधी कुणीच सांगितलं नाही. वसुबारसेच्या रात्री मी एक वाजेपर्यंत ओटा घासत होते. शेवटी टेलि-मानसच्या 14416 वर फोन केला. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. समोरच्या ताईंनी ओटा सोडून गॅलरीत जायला सांगितलं आणि मी खुर्चीवर बसेपर्यंत फोनवर थांबल्या. क्लिनिकने निदान हा नंबर तरी दारावर लावावा. ज्यांना सणातच जास्त त्रास होतो, त्यांना सणातच दार बंद मिळणं फार कठीण जातं.

फी सेशनला 1,800 रुपये. आम्हाला जड गेली. तरी पुन्हा इथेच येईन.

धनत्रयोदशीला दुपारी आई लाटत होत्या आणि मी सारण भरत होते. एकवीस करंज्या झाल्या, दोन तळताना फुटल्या. मध्ये तीनदा हात नळाकडे गेला, एकदा नळ उघडलासुद्धा. आई काही बोलल्या नाहीत, फक्त पुढची पारी माझ्यापुढे सरकवली. मी नळ बंद केला आणि ती भरली. भाऊबीजेला नणंदेच्या डब्यात त्यातल्याच करंज्या गेल्या.