स्लॉट कारची मोटर बदलताय? आधी गिअरचे दात मोजा

१:३२ मापाच्या स्लॉट कारसाठी (ट्रॅकच्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या, खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या गाड्या) सुट्या मिळणाऱ्या मोटरी आणि गिअरचा हा आढावा. निकाल आधीच सांगून टाकतो: पहिला खर्च गिअरवर करा, मोटरचा विचार त्यानंतर. नीट बसलेल्या गिअरवर मूळची १८,००० आरपीएमची (मिनिटाला इतक्या फेऱ्यांची) मोटर जो वेग देते, तो ढिल्या गिअरवर २५,००० ची मोटरही देत नाही. शिवाय नवी मोटर बसवली की जुन्या गिअरचे सगळे दोष दुप्पट आवाजात बाहेर येतात.

तरी बहुतेकांची नजर आधी मोटरवरच जाते, म्हणून सुरुवात तिथून करू.

विकत घेण्याआधी डब्याचं, म्हणजे मोटरच्या बाहेरच्या कवचाचं, माप बघा. या गाड्यांत प्रामुख्याने तीन आकार असतात. सर्वांत जास्त चालतो तो १३० आकाराचा छोटा डबा: साधारण २० मिमी रुंद, १५ मिमी जाड, २५ मिमी लांब. स्केलेक्स्ट्रिक ब्रँडच्या बऱ्याच गाड्यांत याच आकाराची माबुची कंपनीची मोटर असते, १२ व्होल्टला १८,००० आरपीएमची. दुसरा बारीक डबा, जाडी जेमतेम १२ मिमी, फॉर्म्युला वनसारख्या अरुंद गाड्यांसाठी. तिसरा लांब डबा, ३२ मिमीच्या आसपास. छोट्या डब्याच्या चॅसीत (गाडीच्या खालच्या सांगाड्यात) लांब डबा बसवायचा तर सहसा मोटरची पाळणीच, म्हणजे तिला धरून ठेवणारा भाग, बदलावी लागते. बारीक मोटर मोठ्या खाचेत घालायची असेल तर अडॅप्टर घ्या. गरम गोंदाने चिकटवलेली मोटर तापली की हलते आणि गिअरची बैठक बिघडते.

आता वेष्टनावरचे आकडे. आरपीएमचा आकडा बिनभाराचा असतो, आणि तो कुठल्या व्होल्टला मोजला हे बघितल्याशिवाय दोन मोटरींची तुलना करू नये. एनएसआर कंपनीच्या मोटरींच्या नावातच हा आकडा असतो. किंग ४६ म्हणजे १२ व्होल्टला ४६,००० आरपीएम. पण त्याहून महत्त्वाचा आकडा टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा), जो ग्रॅम-सेंटीमीटरमध्ये दिलेला असतो. मोटरच्या आतल्या तारेचे वेटोळे कमी आणि तार जाड असेल तर मोटर जास्त फिरते आणि जास्त करंट ओढते. आतलं चुंबक जोरदार असेल तर आरपीएम थोडे उतरतात, पण टॉर्क वाढतो आणि ब्रेकही चांगला लागतो. म्हणून एकाच आरपीएमच्या दोन मोटरी ट्रॅकवर अगदी वेगळ्या वागू शकतात. वळणांनी भरलेल्या ट्रॅकवर दोन हजार आरपीएम कमी चालतील, टॉर्क कमी चालणार नाही.

आमच्या मते सर्वांत उपयोगी गट २०,००० ते २३,००० चा. स्लॉट.इट आणि एनएसआर या दोन्ही कंपन्यांकडे या पट्ट्यात मोटरी मिळतात, आणि चॅसीखालचं, गाडीला ट्रॅककडे ओढून धरणारं चुंबक काढून चालवल्या जाणाऱ्या गाडीला यापेक्षा जास्त लागत नाही. २५,००० च्या पुढे गेलात की मागची चाकं रबर असूनही नुसती जागीच फिरतात. वेळ वाया जातो आणि टायर झिजतात. चॅसीखाली जोरदार चुंबक लावून चालवणाऱ्यांचं गणित निराळं आहे. तिथे चुंबकाची ओढ तोडायला टॉर्क लागतोच, त्यामुळे मोठी मोटर शोभते. ४०,००० च्या वरच्या मोटरी फक्त लांब सरळ पट्टे, भरपूर करंट देणारा पुरवठा आणि धातूची चॅसी असणाऱ्यांनी घ्याव्यात. घरच्या ट्रॅकवर तो पैसा फुकट जातो.

आता खरा विषय. गिअरचं प्रमाण म्हणजे ॲक्सलवरच्या (चाकांच्या दांड्यावरच्या) गिअरचे दात भागिले मोटरवरच्या पिनियनचे (छोट्या गिअरचे) दात. आडव्या (ॲक्सलला समांतर बसवलेल्या) मोटरच्या स्केलेक्स्ट्रिकमध्ये ११ दातांचं पिनियन आणि ॲक्सलवर ३६ दातांचा स्पर गिअर असतो, प्रमाण ३.२७. उभ्या (गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या) मोटरच्या गाडीत ९ आणि २७, प्रमाण ३. पण नुसत्या प्रमाणाने पूर्ण चित्र दिसत नाही, टायरचा व्यासही धरावा लागतो. मोटरच्या एका फेरीत गाडी किती पुढे जाते ते काढा: व्यास गुणिले ३.१४, भागिले प्रमाण. २० मिमी टायरवर ११:३६ ला उत्तर येतं १९.२ मिमी, ९:२७ ला २०.९ मिमी. टायर घासून १९.५ मिमी झाला तर अंतर अडीच टक्क्यांनी घटतं, म्हणजे जवळजवळ ३६ च्या जागी ३७ दातांचा गिअर लावल्यासारखं. टायर घासल्यावर गाडी सरळ पट्ट्यावर मंदावली तर मोटरला दोष देण्याआधी कॅलिपर हातात घ्या.

आडव्या मोटरच्या गाडीत एक गोष्ट नवशिक्यांना हमखास अडवते. मोटर आणि ॲक्सलमधलं अंतर चॅसीने ठरवून ठेवलेलं असतं. ०.५ मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) गिअरमध्ये हे अंतर म्हणजे दोन्हींच्या दातांची बेरीज भागिले चार, मिलिमीटरमध्ये. ११ अधिक ३६ म्हणजे ४७, अंतर ११.७५ मिमी. मग १२:३५ आणि १०:३७ बिनदिक्कत बसतात, कारण बेरीज तीच आहे. १२:३४ घेतलंत तर बेरीज ४६ होते, पाव मिलिमीटर पोकळी राहते, गाडी कर्कश आवाज करते आणि ब्रेक लावताना दात तुटतात. बेरीज ४८ झाली तर गिअर इतके घट्ट बसतात की ॲक्सल हाताने फिरवतानाच अडखळतो. सोय म्हणून काही कंपन्या वेगवेगळ्या दातांची पिनियन एकाच बाहेरच्या व्यासात बनवतात, उदाहरणार्थ ६.५ मिमीत. त्यामुळे पाकिटावर दातांसोबत व्यासही वाचा.

उभ्या मोटरला ही अडचण कमी, कारण क्राउन (कडेला दात असलेला ॲक्सलचा गिअर) ॲक्सलवर सरकवून बैठक जमवता येते. तिरकस मोटरच्या गाडीला मात्र तिरकस मोटरसाठी कापलेलाच स्पर गिअर लागतो. साधा लावला तर दातांच्या कडाच काम करतात आणि लवकरच भुगा पडू लागतो.

मग प्रमाण कोणतं निवडायचं? मोटर जलद केलीत तर गिअर एक पायरी आखूड करा, म्हणजे प्रमाण वाढवा. १८,००० ची मोटर ११:३६ वर कागदोपत्री सेकंदाला ५.८ मीटर देते. २२,००० ची मोटर १०:३७ वर ६.२ मीटर. म्हणजे वरचा वेग थोडा वाढला आणि वळणातून बाहेर पडताना ओढही वाढली. शिवाय वेगाचा हातातला नियंत्रक सोडला की मोटर जनित्रासारखी चालून गाडी रोखते, आणि आखूड गिअरवर हा ब्रेक जास्त जोरात लागतो. वळणात उशिरा शिरता येतं, फेरीची खरी बचत तिथेच होते. छोट्या घरच्या ट्रॅकवर ३ ते ३.७ मधलं प्रमाण धरा. २.७ च्या खाली जायचं तर लांब पट्टा हवा.

गिअर कशाचे असावेत याबद्दल मत स्पष्ट आहे: पितळी पिनियन आणि नायलॉनचा गिअर ही जोडी उत्तम. आवाज कमी, झीज कमी, आणि झिजलाच तर स्वस्तातला भाग झिजतो. मूळचं प्लास्टिकचं पिनियन मोटरच्या २ मिमी दांड्यावर बारीक चिरतं. मग मोटर घोंघावते आणि गाडी जागची हलत नाही. भिंगातून बघितलं तर दोन दातांच्या मधल्या खळग्यात केसाएवढी भेग दिसते. स्पर गिअर ग्रब स्क्रूचाच (ॲक्सलवर आवळायच्या बिनडोक्याच्या स्क्रूचा) घ्या, म्हणजे तो काढता-घालता येतो. एम२ स्क्रूला ०.९ मिमीची चावी लागते. चांगल्या पोलादाची घ्या, मऊ चावीचे कोपरे गोल होतात आणि स्क्रूची खाच बिघडते.

बसवताना हातोडी वापरू नका. पिनियन दाबायचं साधन वापरा, आणि दाबताना दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आधार द्या. नाहीतर आतला रोटर (फिरणारा भाग) सरकतो, आणि ब्रशच्या (आत करंट पोचवणाऱ्या संपर्कांच्या) बाजूचं प्लास्टिकचं झाकण निसटतं. तार जोडताना सोल्डरिंग दोन सेकंदांत उरका, त्याच झाकणाचं प्लास्टिक उष्णतेने वितळतं. मोटर उलटी फिरली तर घाबरायचं कारण नाही, दोन तारांची अदलाबदल करा.

बैठक तपासायला वर्तमानपत्राचा एक पदर दोन गिअरमध्ये घालून ॲक्सल फिरवा. कागदावर दातांच्या स्वच्छ घड्या उमटल्या तर बरोबर. फाटला तर घट्ट, नुसता चुरगळला तर ढिला. मग कागद काढून चाक बोटाने मागेपुढे हलवा; किंचित खेळ जाणवला पाहिजे.

नवी मोटर एकदम १२ व्होल्टवर टाकू नका. बिनभाराने ३ ते ४ व्होल्टवर अर्धा-पाऊण तास चालवा, म्हणजे ब्रश कम्युटेटरच्या (रोटरवर करंट घेणाऱ्या गोल भागाच्या) गोलाईवर बसतात. बुशला (दांडा ज्यात फिरतो त्या कड्याला) तेलाचा एकच थेंब. जास्त झालं तर ते टायरवर उडतं आणि पकड जाते.

मोटरसोबत बाकीच्या साखळीकडेही बघा. तारेच्या रोधावर चालणारा नियंत्रक असेल तर साध्या मोटरला ४५ ओहम जुळतो, जोरदार मोटरला २५. उलट केलंत तर साधी मोटर बटण दाबल्यासारखी चालू-बंद होते, आणि जोरदार मोटर नियंत्रक तापवते. डिजिटल गाडीतली चिप ठरावीक करंटपुरतीच असते, जास्त ओढणारी मोटर ती जाळू शकते. क्लबात चालवणार असाल तर त्या गटाचे नियम मोटर मागवण्याआधी वाचा. बऱ्याच ठिकाणी आरपीएमला मर्यादा असते.

बदल केल्यावर फरक मोजायचा असेल तर एकच लेन, एकच व्होल्टेज, त्याच पुसलेल्या टायरवर वीस फेऱ्या घ्या आणि मधली वेळ बघा, सर्वांत चांगली नव्हे. एका वेळी एकच भाग बदला. पहिल्या दहा फेऱ्यांनंतर थांबून ग्रब स्क्रू पुन्हा आवळा, कारण नवा गिअर ॲक्सलवर तेवढ्यातच पहिल्यांदा सैल होतो.