पालच्या जंगलात कॅम्पर व्हॅन, ना लाईट ना नळ

डिसेंबरात भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन रावेरवरून पालला गेलो, सातपुड्यात, यावल अभयारण्याच्या भागात. हे अभयारण्य १९६९ चं आहे, जवळपास १७७ चौरस किलोमीटर. वनखात्याला विचारूनच गाडी लावली, मनाने कुठेही घुसू नका.

गाडी मस्त, गाद्या स्वच्छ, गॅस व्यवस्थित पेटतो. पण चार्जिंगला पॉइंट नाही म्हटल्यावर सगळा खेळ बॅटरीवर, आणि गाडीवाल्याने सोलर आहे ना टेन्शन नका घेऊ सांगितलं होतं, आता सागाच्या सावलीत सोलर काय चार्ज होणार, फ्रीजने रात्रीतच बॅटरी खाल्ली, पहाटे पंप फक्त घरघर करतोय अन् नळाला थेंब नाही! बरं झालं पाण्याचे कॅन वेगळे भरून नेले होते. गाडीवाल्याने हे आधी सांगायलाच पाहिजे. एक स्टार त्याचा कापला.

बाकी जागेला तोड नाही भाऊ. कळण्याची भाकरी, ठेचा अन् भरीत घरूनच बांधून न्या, फ्रीज लागतच नाही. थंडी मात्र सॉलिड, रग न्याच. अन् भांडी घासलेलं साबणाचं पाणी इथल्या ‘सुकी’ नावाच्या नदीत अजिबात सोडू नका, टाकीतच साठवून परत आणा, जनावरं तिथंच पाणी पितात.