उट्रेख्त स्टेशनखालचा सायकल स्टँड: एका पुणेकरणीचा रिव्ह्यू

हो, सायकल स्टँडचाच रिव्ह्यू लिहितेय, हसू नका. नेदरलँड्समध्ये पाहुणे आले की ट्युलिप, पवनचक्की, ॲमस्टरडॅमचे कालवे हे ठरलेलं असतं, पण मी सगळ्यांना उट्रेख्त सेंट्राल स्टेशनच्या खाली नेतेच. जाताना कुरकुर असते की स्टँडमध्ये काय बघायचं, आणि आत गेल्यावर मग अर्धा तास कोणी बाहेर यायला तयार नसतं.

तर स्टेशन आणि शेजारचा होख कातारैने मॉल यांच्या मधे जो चौक आहे त्याच्या पोटात तीन मजले, जागा १२,५०० सायकलींची. पहिला टप्पा ऑगस्ट २०१७ मध्ये उघडला, पूर्ण झाला ऑगस्ट २०१९ मध्ये, आणि तेव्हा जगातला सगळ्यात मोठा सायकल स्टँड म्हणून बातम्या झाल्या. आणि हे गाव केवढं, तर लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास. स्टेशनच्या आजूबाजूचे बाकीचे स्टँड धरले तर जागा वीस हजारांच्या वर जातात, तरी सकाळी गर्दीच्या वेळी जवळची रांग मिळेलच असं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे सायकलवरून उतरावं लागत नाही. रस्त्यावरचा सायकल ट्रॅक तसाच उतारावरून आत जातो, आत पण लेन आहेत, प्रत्येक रांगेच्या तोंडाशी स्क्रीनवर किती जागा रिकाम्या आहेत तो आकडा दिसतो, म्हणजे तुळशीबागेत पार्किंग शोधताना जशा घिरट्या घालतो तसल्या घालायला नकोत, आकडा बघायचा, वळायचं, लावायची, कुलूप, जिना चढलं की स्टेशन. ट्रेन पकडणाऱ्या माणसाला स्टँडमध्ये दुसरं काय हवं असतं? जागा पटकन मिळावी आणि प्लॅटफॉर्म जवळ असावा, बस.

पैशाचं सांगते. पहिले २४ तास फुकट, नंतर प्रत्येक २४ तासाला थोडे पैसे. आत जाताना ट्रेनचंच कार्ड टॅप, बाहेर पडताना परत टॅप. फुकट ते पौष्टिक हे आमचं तत्त्व असल्यामुळे याला माझ्याकडून पूर्ण मार्क. रोज ऑफिसला जाणारा माणूस २४ तासात परत येतोच, म्हणजे त्याला कधीच काही पडत नाही, आणि आठवडाभर सायकल टाकून सुट्टीवर जाणारा पैसे भरतो. जागा फिरती राहावी म्हणून ही युक्ती आहे आणि चालते.

आता तक्रारी. आतले सायकल लावायचे रॅक दुमजली आहेत, म्हणजे खाली एक सायकल आणि तिच्या डोक्यावर दुसरी. वरच्यासाठी लोखंडी पन्हळ बाहेर ओढायची, ती तिरकी खाली येते, पुढचं चाक तिच्यात चढवायचं आणि मग सगळं उचलून आत ढकलायचं. इथली साधी डच सायकल वीसेक किलोची असते, बॅटरीवाली त्याहून जड, आणि माझी उंची पाच फूट एक इंच, तेव्हा वरची जागा रिकामी असली तरी माझ्यासाठी ती नसल्यातच जमा. उंच डच लोक एका हातात कॉफी धरून करतात, त्यांचं जाऊ द्या. पुढे लाकडी पेटी असलेल्या, मुलं बसवायच्या लांब सायकलींना वेगळी जागा आहे पण ती लवकर भरते. आणि आत पायी हिंडायचं असेल तर कडेने चाला, मधे उभं राहून फोटो काढलात तर मागून घंटी वाजते आणि घंटीनंतर जो कटाक्ष येतो तो आपल्या पेठेतल्या दुकानदारापेक्षा कमी नाही.

भाड्याच्या सायकली पण इथेच, निळ्या-पिवळ्या, रेल्वे कंपनीच्याच. २४ तासाला चार युरोच्या वर पडतात पण इथलं कार्ड आणि नोंदणी लागते, त्यामुळे चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांना उपयोग नाही, त्यांनी गावातल्या दुकानातून घ्यावी. आणि सांभाळून, या सायकलींचा ब्रेक पायात असतो, उलटं पेडल मारलं की थांबते. बाबांनी सवयीने चढाच्या आधी पेडल मागे फिरवलं आणि भर रस्त्यात गपकन उभे. सत्तरच्या दशकात पुण्यात सायकलवर वाढलेला माणूस, डबलसीट आणि बिनदिव्याची म्हणून पोलिसांना चुकवत फिरलेला, तो नेदरलँड्समध्ये येऊन असा अडकला, घरी अजून हसतात.

बाबांना स्टँड बघून पहिली आठवण कशाची झाली तर पुण्यातल्या थिएटरबाहेरच्या सायकल स्टँडची. पत्र्याचा बिल्ला, एक सायकलला अडकवायचा आणि जोडीचा खिशात, आणि सिनेमा सुटला की शेकडो सायकलींतून तो स्टँडवाला बरोबर तुमचीच काढून द्यायचा. म्हणजे ही सोय आपल्याला नवीन नव्हती. आता तेच बाबा पुण्यात सायकल घेऊन एका मॉलला गेले (नाव नको) तर वॉचमन म्हणाला काका सायकल अलाउड नाही, बाहेर झाडाला लावा.

मधे आमच्या ग्रुपवर कोणीतरी वेगवेगळ्या आकारांच्या स्टँडचे फोटो टाकले आणि सगळे म्हणायला लागले आपल्याकडे पण असं काहीतरी क्रिएटिव्ह हवं. दिसायला मस्तच असतात ते. न्यूयॉर्कमध्ये २००८ साली डेव्हिड बर्न या गायकाने नऊ स्टँड डिझाइन केले होते, वॉल स्ट्रीटला डॉलरचं चिन्ह, फिफ्थ ॲव्हेन्यूवर उंच टाचेची चप्पल, विल्यम्सबर्गला गिटार. लोकांना आवडले, पण ते साधारण वर्षभराच्या बोलीवरच लावलेले. त्याच वर्षी त्या शहराने स्टँडची स्पर्धा पण घेतली, ती जिंकली कोपनहेगनच्या डिझायनर जोडीने, आणि डिझाइन काय तर जाड लोखंडी गोल कडं आणि मधून एक आडवी पट्टी. फोटोत कोणी लाइक पण करणार नाही, पण फुटपाथवर शेवटी टिकलं ते हेच, कारण त्याला फ्रेम बांधता येते. नुसतं पुढचं चाक फटीत अडकवायचे जे स्टँड आपल्याकडे सोसायट्यांमध्ये असतात त्यात धक्का लागला की रिम वाकते आणि चोराने चाक सोडून बाकीची सायकल नेली तरी तुम्हाला चाक तेवढं मिळतं. क्रिएटिव्हमधला मला खरंच पटलेला एकच, लंडनचा, मोटारीच्या आकाराची चौकट, तिच्यात दहा सायकली लागतात, मोटारीच्याच पार्किंगच्या जागी ठेवतात. काही बोलायची गरजच नाही, एका गाडीच्या जागेत दहा माणसं.

तर मुद्दा असा की उट्रेख्तचा स्टँड भारी आहे पण तो शेवटी आला, आधी रस्ते आले. इथे पण मोटारींचंच राज्य होतं. १९७१ मध्ये या देशात रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात चारशेच्या वर मुलं, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांचे खून थांबवा' अशा नावाचं आंदोलनच उभं राहिलं. उट्रेख्तने सत्तरच्या दशकात जुना कालवा बुजवून मोठा मोटार रस्ता केला होता, स्टँडपासून चालत जाण्याइतका जवळ, तो उखडून २०२० मध्ये परत पाणी आणलं. आता तिथे लोक होड्या वल्हवतात.

पुण्यात उलटं झालं असं मला वाटतं. २०१७ मध्ये महापालिकेने सायकलचा आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास औंधात, विद्यापीठात पिवळ्या, केशरी, हिरव्या ॲपवाल्या सायकलींच्या रांगा लागल्या, सगळ्यांनी सेल्फी काढले, काही वर्षांत सगळं गायब. ट्रॅक जिथे आहे तिथे मधेच विजेचा डीपी नाहीतर पाणीपुरीची गाडी, मग चालवणार कुठे. सायकल घरापासून स्टेशनपर्यंत पोचलीच नाही तर स्टेशनवर गिटारच्या आकाराचा स्टँड लावून काय करायचंय? आणि तरी मी म्हणेन की पुणे स्टेशनला, शिवाजीनगरला, मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनखाली साधी लोखंडी कडी लावा, छप्पर घाला आणि एक माणूस बसवा, बिल्ल्यासकट. त्याला काही डच इंजिनिअर लागत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो वरच्या पन्हळीसाठी. बघायला जाणार असाल तर सकाळी आठ-नऊला जाऊ नका, सगळे ट्रेनच्या घाईत असतात, दुपारी जा. आणि सायकल लावलीत तर रांगेच्या नंबरचा फोटो काढून ठेवा, सगळ्या काळ्याच असतात.