सांगलीत हातशिलाईची वाकळ (गोधडी) – पोरीसाठी समुद्र करून घेतला, एक नंबर काम

भावाच्या मुलीला पाचव्या वाढदिवसाला समुद्राची वाकळ द्यायची होती. मार्चमध्ये ती कोकणात वेळासला जाऊन ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना बघून आली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही.

सांगलीत बऱ्याच ठिकाणी विचारलं, सगळे म्हणतात फायबर भरून मशीनवर मारून देतो. पण मशीनची टीप घट्ट बसते, वाकळ ताठ होते आणि फायबरमध्ये आपल्याकडच्या उन्हाळ्यात लेकरू घामाघूम. शेवटी कापड पेठेजवळच्या एका बोळात हाताने शिवणाऱ्या काकू सापडल्या, बोर्ड वगैरे काही नाही.

काकूंनी आधी मी नेलेल्या सगळ्या साड्या उलगडून चोळून बघितल्या आणि पॉलिस्टरच्या सरळ परत दिल्या. "ह्यो घाम टिपत न्हाई, लेकराच्या अंगाला सुतीच पायजे." मग आत आईच्या जुन्या सुती साड्या आणि वर आजीचं निळं इरकली लुगडं, तेच पाणी. कासवाची पाठ शेवाळी खणाची केली, खणावरची बारीक नक्षी तिथं इतकी शोभते की बघतच राहावं. खणाचा आणि चांदणीमाशाच्या लाल कापडाचा रंग सुटतो म्हणून दोन्ही आधी भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन आणायला लावलं. डोळ्यांना बटणं लावू दिली नाहीत, बारकं पोर ओढून तोंडात घालतं म्हणाल्या, काळ्या दोऱ्याने डोळे भरले.

खरी कमाल धावदोऱ्याची आहे. एरवी कडेपासून सरळ रांगा घेत आत जातात, इथे काकूंनी पांढऱ्या दोऱ्याच्या लाटाच काढल्या, तळाला दाट आणि वर येईल तशा विरळ, हात फिरवला की लाट बोटाला लागते. मासे पण आपलेच घेतले, पाठीवर गडद रेघांचा बांगडा आणि मधोमध रुपेरी पापलेट. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, हे पोरगी आता येईल त्या पाहुण्याला सांगते!

तक्रार म्हणाल तर वेळ. सांगितलेल्या तारखेला झाली नव्हती, वाढदिवसाच्या आदल्या रात्री हातात मिळाली, जीव टांगणीला लागला होता. आणि ऑक्टोपसचे आठ हात टोकाला इतके अरुंद की कड आत दुमडायला जागाच नाही, पहिल्या धुण्यात एका हाताचे धागे निघाले. काकूंनी लगेच परत शिवून दिलं, पैसे घेतले नाहीत. तुम्ही करणार असाल तर हात जाडच कापायला सांगा.

चार बाय पाच फुटाच्या वाकळेची मजुरी १५०० रुपये, कापड आपलं. एवढ्या हातकामाला मला तरी हे कमीच वाटले, घासाघीस करू नका प्लीज. फोनवर ऑर्डर घेत नाहीत, कापड घेऊन समोर बसावं लागतं, आणि दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नका, बंद असतं.