९२ हजारांचे शॉकअप आणि रिकामी बाटली: नागपुरातला माझा अनुभव

पिकअपला ऑफरोड शॉकअप बसवायचा विचार करत असाल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. जानेवारीत मी चार शॉकअपचे ९२ हजार आणि 'ट्यूनिंग'चे वेगळे ६ हजार दिले. मार्चमध्ये त्यातला एक लेथवर कापला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण मला कसं फसवलं ते सगळं सांगतो. असा माल एकाच दुकानात असेल असं मला वाटत नाही.

आम्ही राहतो नागपुरात, संत्र्याची बाग काटोलच्या पुढे. डांबरी सोडली की बागेपर्यंत तीन किलोमीटर पांदण, म्हणजे कच्ची शेतवाट. आपली काळी माती ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात ट्रॅक्टरची चाकं तिच्यात खोल चाकोऱ्या पाडतात आणि दिवाळीनंतर त्याच चाकोऱ्या वाळून दगड होतात. मध्ये नाल्यावर एक रपटा आहे, त्याची दोन्ही टोकं पुरानं खचलेली. गाडीत चार माणसं, मागे खताच्या चार-पाच गोण्या आणि ठिबकच्या नळ्यांची बंडलं. कंपनीचे शॉकअप ७० हजार किलोमीटरला पार गेले होते. एक खड्डा पार केला की मागची बाजू तीन-तीनदा उसळायची. बाबांच्या कमरेत गॅप आहे. डिसेंबरात एक दिवस रपट्यावरून आल्यावर ते खाली उतरले, दोन मिनिटं दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आता मला नको आणत जाऊ रे." त्यानंतर मी शॉकअप शोधायला लागलो.

दुकानदार बोलायला गोड. काउंटरवर त्यानं लालभडक शॉकअप ठेवला. बाजूला जाड नळीनं जोडलेली ॲल्युमिनियमची बाटली, तिच्यावर निळा नॉब. नॉब फिरवून दाखवला. टिक, टिक, टिक. "पाहा भाऊ, चोवीस क्लिक हायेत. इकडे फिरवलं का मऊ, तिकडे फिरवलं का कडक. गाडी मक्खन होऊन जाते. लोड टाका, मागून बसतच नाही." अडीच इंची मोनोट्यूब (एकाच नळकांड्याचा शॉकअप), नायट्रोजन गॅस, तेलाची वेगळी बाटली, हे सगळं त्यानं मला आधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलेलं होतं. पक्क्या बिलाची गोष्ट काढली तर म्हणाला, "बिल पायजे असन तं अठरा टक्के वरतून लागन. काहून उगीच देता?" मी चिठ्ठीवर तयार झालो. या व्यवहारातली माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

'लोड टाकला तरी बसत नाही' हे ऐकतानाच मी थांबायला हवं होतं. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही. पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची कमान) ते पेलतात. पिकअप व्ही-क्रॉस असो की हायलक्स, रचना हीच. भरल्यावर मागून गाडी बसत असेल तर पाट्यांचं काम करावं लागतं, कमानवाल्याकडे जावं लागतं. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळ थोपवणं. आतला पिस्टन हलतो तेव्हा तेल त्याच्या बारीक छिद्रांतून, पातळ पोलादी चकत्या वाकवत जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. जो माणूस शॉकअप विकताना वजन पेलण्याची हमी देतो, त्याला एकतर हे माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे.

पहिला आठवडा गाडी छान चालली. इथेच बहुतेक जण फसतात. जुने शॉकअप पूर्ण मेलेले असतात तेव्हा कुठलेही नवे बसवा, फरक जाणवतोच. शिवाय दुकानात बंपर दाबून दाखवतात त्यातही काही कळत नाही. हातानं दाबलं की पिस्टन सावकाश हलतो. चाकोरीत चाक आपटतं तेव्हा तो त्याच्या कितीतरी पट वेगानं हलतो, आणि खरी परीक्षा त्या वेगात असते.

दुसऱ्या आठवड्यात फवारणीमुळे पांदणीवर लागोपाठ तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत मागची बाजू परत उसळायला लागली, अगदी जुन्यासारखी. थोडा वेळ गाडी थांबवली की बरी, पुन्हा वीस मिनिटांनी तेच. तेल तापून त्यात फेस झाला की असं होतं, कारण फेसाला पिस्टन अडत नाही. वेगळी बाटली असते ती याचसाठी. तिच्यामुळे तेल जास्त मावतं आणि गॅस तेलापासून वेगळा राहतो. मी गाडी धुऱ्याला, म्हणजे बांधाला लावली आणि हात पाण्यानं ओला करून मागचा शॉकअप चाचपला. नळकांडं एवढं तापलेलं की हात ठेववेना. बाटली मात्र थंडगार, सावलीत ठेवलेल्या तांब्यासारखी. तेल इकडून तिकडे जात असतं तर बाटली निदान कोमट तरी लागली असती. मग मी नॉब एका टोकाला नेऊन रपटा पार केला, दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा पार केला. चोवीस क्लिकमध्ये काडीचाही फरक नाही.

दुकानात गेलो. "भाऊ, हजार किलोमीटर चालू द्या, सेट होते." हजार झाले. मग म्हणाला नायट्रोजन कमी झाला असेल, भरून देतो. त्याचे अडीच हजार घेतले आणि शेजारच्या टायरवाल्याकडून भरून आणला. तेव्हा मला कळलं नाही, आता लिहून ठेवतो: ऑफरोडच्या गॅस शॉकअपमध्ये साधारण १५० ते २०० पीएसआय दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो. टायरवाल्याच्या यंत्राचं ते काम नाही. त्यासाठी सिलिंडर आणि वेगळा रेग्युलेटर लागतो.

पाचव्या आठवड्यात पुढच्या डाव्या शॉकअपनं तेल सोडलं. वरचा रबर बुशही (जोडावरची रबरी गादी) फाटला होता. तो फाटण्याचं कारण नंतर कळलं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच त्यांनी बोल्ट पूर्ण आवळले होते. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे असतात, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं.

ओळखीतून हिंगणा एमआयडीसीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मी काका म्हणतो त्यांना. त्यांनी शॉकअप हातात घेतला, उभा धरून दांडा आत दाबला आणि सोडला. दांडा जिथे होता तिथेच राहिला. "मोनोट्यूब म्हणाला होता ना तो? दाबाचा गॅस असता तर दांडा आपोआप बाहेर आला असता जी." मग दांड्यावरचा रबरी बूट वर सरकवून व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला. साडेबारा मिलिमीटर. एवढ्या जाड शॉकअपला एवढा बारीक दांडा पाहूनच त्यांनी मान हलवली.

कापायचा निर्णय माझा. हे घरी कोणीही करू नका, आत दाब असला तर तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काकांनी चष्मा लावला, वर ओलं फडकं टाकून आधी बारीक भोक पाडलं, फुस्स होत नाही याची खात्री केली आणि मगच लेथला लावला. लाल नळकांडं सोललं गेलं आणि आतून दुसरं, काळ्या रंगाचं नळकांडं निघालं. त्यावर जुन्या रंगाचे पापुद्रे होते आणि घासून काढलेल्या नंबराची जागा चकाकत होती. वरचा लाल भाग म्हणजे नुसतं कव्हर. आतला पिस्टन ३० मिलिमीटरचा. अडीच इंच म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटर. दोन्हीच्या क्षेत्रफळात साडेचार पट फरक पडतो. तेल निघालं ते काळपट, करपल्या वासाचं.

बाटली शेवटी उघडली. आत तेलाचा थेंब नव्हता. पुसून कोरडी केल्यासारखी होती. तिची जाड नळी नळकांड्यावरच्या ज्या बोल्टला जोडलेली होती, त्या बोल्टला आरपार भोकच नव्हतं. नॉबच्या खाली एक छोटी स्प्रिंग आणि एक छर्रा. टिक आवाज करायला तेवढं पुरतं. काका छर्रा बोटांत धरून बराच वेळ पाहत होते. मग मला म्हणाले, "याच्यासाठी सहा हजार घेतले का रे पोरा त्यानं?"

खरं ट्यूनिंग काय असतं तेही त्यांनीच त्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं. ते इथे देतो, म्हणजे कोणी एका तासात 'ट्यून करून देतो' म्हटलं तर तुम्हाला कळेल. स्प्रिंग दाबली जातानाचा विरोध वेगळा आणि परत सुटतानाचा वेगळा. सुटतानाचा फार कडक ठेवला तर पुढच्या खड्ड्याआधी चाक खाली येऊच शकत नाही, गाडी चाकोऱ्यांवर हळूहळू खाली बसत जाते आणि धक्के वाढतात. फार सैल ठेवला तर मागचं टोक लाथ मारतं, रिकाम्या पिकअपचं तर जास्तच. म्हणून आधी टायरची हवा आणि गाडीतलं वजन ठरवायचं, एकच ठरलेला पट्टा त्याच वेगानं चालवायचा, एका वेळी एकच गोष्ट दोन-तीन क्लिक बदलायची आणि वहीत लिहायचं. नॉबनं भागलं नाही तर शॉकअप उघडून चकत्या बदलाव्या लागतात. कुठलीच गाडी दुकानाच्या दारात ट्यून होत नाही.

आणि घेण्याआधी काउंटरवरच पाहून घ्या. नॉब एका टोकाला ठेवून दांडा दाबा, सोडा, बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोजा. मग दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा करा. सुटतानाचा नॉब खरा असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. बूट वर करून दांडा मोजायला व्हर्नियर सोबत न्या. दुकानदार नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पूर्ण उघडी आणि पूर्ण दाबलेली लांबी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. गाडीचा बंप स्टॉप (चाक वर येताना थोपवणारा रबरी ठोकळा) टेकायच्या आधी शॉकअप आतून आपटत असेल तर चांगला मालही टिकत नाही. नंबर कोरलेला असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीला पाठवून विचारा. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर ८७०८ पासून सुरू होणारा एचएसएन क्रमांक (मालाचा जीएसटी कोड) आणि मालाचं पूर्ण वर्णन असू द्या. मी वाचवलेले अठरा टक्के आता मला रोज आठवतात.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. दोन आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला, २५ हजार घ्या आणि विषय संपवा. मी नाही म्हणालो आणि सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा आयोगात अर्ज केला. २०१९ च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. त्यानं उत्तरात लिहिलंय की शेतीसाठी वापर म्हणजे व्यावसायिक वापर, म्हणून मी ग्राहकच नाही. वकील म्हणतात, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्यानं त्यात धरली जात नाही. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं वर्णन आहे.

कापलेल्या शॉकअपबद्दल मात्र वकील माझ्यावर चिडले. साक्षीदार नाही, पंचनामा नाही, समोरचा म्हणेल हा आमचा नाहीच. वस्तूत दोष आहे की नाही हे तपासल्याशिवाय ठरत नसेल, तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून उरलेले तीन मी उतरवून घेतले, प्रत्येकाला कुठल्या चाकाचा होता त्याची चिठ्ठी बांधली आणि खताच्या रिकाम्या गोणीत घालून तोंड शिवून टाकलं. गोणी माळ्यावर आहे. गाडीला सध्या कंपनीचे साधे नवे शॉकअप लावलेत, पांदणीवर दुसऱ्या गियरच्या वर जात नाही. बाबा अजून बागेत आलेले नाहीत.