कचऱ्यापासून मटेरियल बनवायचं रिसर्च ट्रेनिंग, करावं का?
डिग्री करता करता रिसर्च करून बघायचा असेल तर हे ट्रेनिंग भारी आहे, फक्त हात काळे करायची तयारी हवी. फ्लाय ॲशमध्ये (कोळसा जाळल्यावर उरणारी बारीक राख) सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सिलिकेट घालून सिमेंटशिवाय क्यूब पाडायचे, ओव्हनमध्ये ठेवायचे आणि मग मशीनखाली फोडून ताकद मोजायची, कडकन् आवाज आला की सगळे धावले रीडिंग बघायला! हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळताना बीकर चांगलाच तापतो, त्यामुळे ग्लोव्हज, गॉगलला सूट नाही (बरंच आहे ते). काचेच्या जाड चुऱ्याने काँक्रीटला तडे जाऊ शकतात पण तीच काच पिठासारखी दळली की उलट फायदा होतो, हे फार मस्त समजावतात. वैताग म्हणजे मशीनसाठी नंबर लागता लागत नाही आणि लाइफ सायकल असेसमेंट (वस्तू बनवण्यापासून ती टाकून देईपर्यंत पर्यावरणावर किती परिणाम होतो त्याचा हिशोब) तर एका लेक्चरात गुंडाळून टाकलं राव.